शनिवारचा सलाम

१२ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. उभा जन्म सरकारी ऑफिसात, बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क होऊन, दुसऱ्यांच्या नोटशीट लिहिण्यात गेला. आता स्वतःची.

घोडा घेतला आहे. शोभाला आज सांगितलं. घेऊन महिना झाला, पण अशा गोष्टींना योग्य वेळ लागते. ती भाकरी थापत होती. कुठे आहे, एवढंच विचारलं. फोपनार रोडला, रितेशच्या तबेल्यात, म्हणालो. मग तिथेच राहू दे, म्हणाली. विरोध केला नाही. म्हणजे मंजूर.

रितेशचं शेड आधी केळी पिकवण्याचं होतं. आता ज्याच्याकडे घोडा आहे आणि अंगण नाही, त्याने तिथे ठेवायचा. चारा-पाणी, खरारा, शेण काढणं, सगळं रितेशकडे. सध्या तिघांचेच घोडे आहेत. एक सुपडू. लग्नात घोडी लावतो, पांढरी मोगरा. दुसऱ्या प्रतिभाबाई. सरकारी शाळेत विज्ञान शिकवतात. लाल घोडी, तिच्यावर रोज स्वतः बसतात. तिसरा मी. माझा घोडा काळा. कुळकुळीत. सुपडूनेच विकला. विकताना म्हणाला, बडे बाबू, असा काळा रंग थंडीतच बघायला मिळतो. माणूस अडाणी, पण वाक्य काय बोलला!

घोड्याचं नाव सम्राट ठेवलं. तबेल्यात सगळे काळू म्हणतात. हे बंद करायला लावणार.

संकल्प: रोज सकाळी सहाला रपेट. २६ जानेवारीला घोड्यावरून झेंडावंदन, ते पण ऑफिससमोरून जाऊन. मधुकर खिडकीत असला पाहिजे.

मधुकर म्हणजे माझा ज्युनियर. मी त्याला नोटशीट लिहायला शिकवली, आणि तो आज माझ्या खुर्चीवर बसतो. माझा निरोप समारंभ झाला नाही. आचारसंहिता आहे, म्हणाला. आचारसंहितेत म्हाताऱ्याला शाल घालू नये असं परिपत्रक मी तरी नोकरीत पाहिलं नाही. शेवटच्या दिवशी समाधान चपराशाने गेटवर नारळ दिला. घरी फोडला तर नासका.

१५ जानेवारी, बुधवार

रपेट सुरू व्हायची आहे. थंडी फार. घोड्याला बाधेल.

तबेल्याला नियम नाहीत. कुणी केव्हाही येतं, कुठेही बांधतं, मोगराच्या चण्यातले चणे सुपडू स्वतः खातो. नियमावली करून फाटकाला लावली. सुपडूने तिच्यावर मोगराचा पट्टा टांगला.

१८ जानेवारी, शनिवार

सम्राटची एक नाल आपोआप निघाली. रितेश भंगारात टाकणार, तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली सोजरबाई धावत आली. काळ्या घोड्याची नाल आणि तीही शनिवारी पडलेली, दाराला ठोकली तर शनी दारातूनच परत जातो, म्हणाली. पोराचं लग्न दोनदा मोडलं आहे तिच्या. पदर पसरला. मी दिली. ती वाकून पाया पडली.

रिटायर झाल्यापासून माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं. त्याआधीही पडत नव्हते, पण वाकायचे तरी.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी आधुनिक विचारांचा. पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणं यालाच आधुनिक विचार म्हणतात.

२५ जानेवारी, शनिवार

बातमी शहरात पोचली. शनवारा बाजारातला कापडवाला आला. याच माणसाने गेल्या दिवाळीत मला दुकानात उभं ठेवलं होतं. आज स्वतः उभा होता आणि मी खाटेवर बसलो होतो. बडे बाबू, एक नाल मिल जाती तो, असं म्हणत होता. बघतो, म्हणालो. अर्ज ठेवा असं तोंडात आलं होतं.

दगा नालबंदाला बोलावून एक काढून दिली.

कापडवाल्याने मावा जिलेबी आणली होती. शोभाने खाल्ली. कुठून आली ते विचारलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

घोड्यावर बसलो. उतरलो. या दोन्हींत फार वेळ गेला नाही.

झेंडावंदनाला स्कूटरने. मधुकर खिडकीत नव्हता, त्यामुळे तसंही काही बिघडलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

लोक ऐकत नाहीत. आज तबेल्याच्या अंगणात रांग. एका घोड्याला पाय चार, त्याला मी काय करू? पण ज्याने ऑफिस चालवलं त्याला मार्ग सापडतो. बाजारातली कोरी नाल चालत नाही, घोड्याच्या पायाखाली वापरलेली लागते. ठीक आहे. या शनिवारी चारही काढायच्या, चार नव्या ठोकायच्या. सम्राटने त्या आठवडाभर वापरायच्या. पुढच्या शनिवारी त्या काढायच्या. कामाला पद्धत असली की रांग आपोआप हलते.

पैसे घेत नाही. नाल द्यायची आणि नमस्कार घ्यायचा. दगाची मजुरी माझ्या पेन्शनमधून. याला समाजसेवा म्हणतात, सुपडू काहीही म्हणो. तो म्हणाला, काय बाबू, घोडा पाळला की देव बसवला?

दगाला विचारलं, दर आठवड्याला चालेल ना? तो म्हणाला, बडे बाबू, तुम्ही म्हणाल तसं. दगा हा असा माणूस आहे की त्याला घोड्याच्या शेपटीला नाल ठोकायला सांगितली तरी हेच म्हणेल. मला अशीच माणसं आवडतात.

प्रतिभाबाई मध्ये पडल्या. खूर म्हणजे आपलं नखच, म्हणाल्या, त्याच्या कडेत खिळे जातात, महिना-दीड महिन्याने नाल बदलायची असते. दर आठवड्याला नवी भोकं पाडलीत तर उद्या खिळा धरेल कशात? आवाज वर्गात बोलतात तसा. मी शांतपणे सांगितलं की बाई, नियमांत विशेष परिस्थितीत सूट असते. त्या म्हणाल्या, खुराला नाही कळत सूट. बाईमाणूस घोड्यावर बसायला लागलं की असं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज डोळ्यांत पाणी आलं. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

मी फाटकातून आत शिरलो. सम्राटने मला पाहिलं आणि पुढचा उजवा पाय उचलला. उचलून तसाच धरला. सलाम! कुणी शिकवलं नाही. रितेश रोज चारा घालतो, त्याला नाही करत. प्रतिभाबाई गाजर आणतात, त्यांना नाही. फक्त मला. जनावराला माणूस कळतो.

नोकरीभर ज्यांची कामं केली, ते आता बाजारात दिसले की मोबाईलमध्ये तोंड घालतात. मुलगी प्राजक्ता इंदूरहून महिन्यातून एकदा फोन करते, तोही आईला. आणि हे मुकं जनावर पाय वर धरून उभं!

व्हिडिओ काढून तबेल्याच्या ग्रुपवर टाकला. रितेशने हात जोडल्याचं चित्र टाकलं. सुपडूने हसण्याचं. प्रतिभाबाईंनी पाहिला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. जळतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सलाम चालू. दगा म्हणाला, तुम्ही आलात की मी येतो हे त्याला कळतं, म्हणून आधीच पाय देतो. दगाला म्हटलं, तू तुझं काम कर.

रपेट पुढच्या सोमवारपासून.

१६ मार्च, रविवार

सम्राट पोटाकडे आणि मानेवर जरा लालसर दिसतो. पोरांनी होळीचा रंग टाकला असणार. रितेशला झापलं. तो म्हणाला, होळीला इथे कुणी आलंच नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

धुतला. अजून लाल दिसतो.

हा सगळा गव्हाणीच्या जागेचा दोष आहे. सम्राटला पश्चिमेकडची जागा दिली, तिथे दुपारी ऊन येतं. मोगरा सावलीत! जागा बदलून मागितली. सुपडू म्हणाला, मोगराला सात लग्नं आहेत, ती काळी पडली तर नवरदेव काय तुमच्यावर बसेल?

२१ मार्च, शुक्रवार

आज सुपडूला सरळ विचारलं. हरामखोर माणूस. बिडी पीत सांगतो, हो, दरवर्षी उन्हाळ्यात जुने केस गळतात, मग गुळासारखा होतो. पाऊसपाण्यानंतर पुन्हा काळा. मी म्हटलं, मग विकताना का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगितलं होतं की, काळा रंग थंडीतच बघायला मिळतो म्हणून.

त्याने पुढे असंही म्हटलं की तुम्हाला घोडा हवा होता, रंगाचं तुम्ही कधी विचारलं? सही करताना मजकूर नीट वाचावा हे मी मधुकरला हजारदा शिकवलं होतं.

असो. मूळ घोडा काळाच. मधल्या काळातला रंग तात्पुरता. पुढच्या शनिवारी शनी अमावास्या आहे आणि शब्द दिलेले आहेत. दिलेला शब्द फिरवणं माझ्या रक्तात नाही.

२३ मार्च, रविवार

माझी केसांची डाय त्याला चालते. एकाच रंगाची माणसं आम्ही. घरातली सगळी पाकिटं लागली. पाठ, मान, पाय उत्तम झाले. अंग खाजवतो, पण सवय होईल. मला पण झाली होती.

शोभाने कपाट उघडून विचारलं, पाकिटं कुठे गेली? लागली, म्हणालो. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. कानाजवळ पांढरं झालं आहे. पुढचं काही बोलली नाही. या बाईच्या न बोलण्याला मी आयुष्यभर वैतागलो आहे.

२९ मार्च, शनिवार. शनी अमावास्या

काय दिवस! तबेल्याभोवतीच्या केळीच्या बागेत गाड्या लावायला जागा नाही. डोईफोडिया गावापासून माणसं. तुकईथडचा सरपंच. कापडवाला सहकुटुंब. सगळे बडे बाबू, बडे बाबू. एका बाईने माझ्या गळ्यात हार घातला. घोड्याच्या आधी माझ्या.

नाला चारच, माणसं ही एवढी. पण वापरलेली नाल म्हणजे नेमकी किती वापरलेली, हे कुठे लिहून ठेवलं आहे? कुठेच नाही. दगाला म्हटलं, ठोक, शेडला एक फेरी मार, काढ, दुसरी ठोक. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाला. सम्राटने खूप सहकार्य केलं. शेवटी शेवटी फेरी मारायला तयार नव्हता, पण सलाम चालू होता. पाय खाली टेकवतच नव्हता बिचारा. एवढी भक्ती!

प्रतिभाबाई आल्या, बघितलं, आणि सगळ्यांसमोर ओरडल्या. लाज नाही वाटत, म्हणाल्या. सरपंचासमोर. दगाच्या हातातून हातोडा ओढून घेतला आणि केळीत फेकला. मग सापडायला वेळ लागला.

पाचपन्नास लोकांपर्यंत पोचलो आज. ऑफिसात असताना कधी एवढे लोक मला भेटायला आले नव्हते. खुर्चीला भेटायला यायचे. आज मला आले.

६ एप्रिल, रविवार

सम्राट एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहतो. मला वाटतं नाचतो. बँडवाल्या मोगराजवळ राहून शिकला असेल.

८ एप्रिल, मंगळवार

प्रतिभाबाईंनी परस्पर सरकारी डॉक्टर आणला. माझा घोडा, मला न विचारता. मी पोचेपर्यंत त्याने मागचे पाय आणि पुढचा डावा मोकळा केला होता. तिथल्या नाला खिळ्यांवर नुसत्या लोंबत होत्या म्हणे. खुरांच्या कडा खारीसारख्या भुगा झाल्या आहेत. आपल्या चहातल्या खारीसारख्या, असं डॉक्टरच म्हणाला.

पुढचा उजवा सगळ्यात वाईट. सलामाचा. तिथे खूर उभा चिरला आहे आणि ती एक नालच त्याला धरून आहे. ती कुणी ओढायची नाही, डॉक्टर म्हणाला. खूर वाढू दे, मी येऊन एकेक खिळा कापून काढीन. ओढलीत तर अर्धं खूर तिच्याबरोबर येईल आणि मग हा उभा राहणार नाही. खाली केळीचा वाळका पाला घाला, जाड. चालवू नका.

मी तत्त्वतः सहमती दिली.

रितेशने पाला घातला. प्रतिभाबाई शाळा सुटल्यावर येऊन खुरांना तेल लावतात. लावू दे. पापक्षालन होतं बायकांचं.

११ एप्रिल, शुक्रवार

मधुकरचा फोन.

आधी मी उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा नाही उचलला. तिसऱ्यांदा उचलला, आणि कोण बोलतंय, असं विचारलं. बडे बाबू, मी मधुकर. तोच आवाज, पण आतून हवा गेलेला. त्याची मेष रास. अमावास्येपासून साडेसाती लागली. बदलीची यादी निघणार आहे आणि त्याचं नाव तिच्यात आहे असं ऐकतो. मुलगी बारावीत. बायको रोज रडते. ज्योतिषाने सांगितलं, काळ्या घोड्याची नाल, शनिवारी, आपल्या डोळ्यांदेखत काढलेली. सगळीकडे फिरलो, म्हणाला, काळा घोडा तुमच्याकडेच आहे.

मी गप्प राहिलो. गप्प राहण्याची मजा मला छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर कळली.

मग तो म्हणाला, बडे बाबू, तुमचा निरोप समारंभ राहून गेला, माझ्या मनाला ते फार लागून आहे. तीस एप्रिलला करू. हॉलमध्ये. साहेब स्वतः शाल घालतील. तुम्ही दोन शब्द बोला.

तो खोटं बोलतोय हे मला कळतं. त्याच्या मनाला काही लागलेलं नाही. पण शाल खरी असेल. हॉल खरा असेल. साहेब खरे असतील.

पुढच्या शनिवारी ये, म्हणालो.

१६ एप्रिल, बुधवार

भाषण लिहिलं. आचारसंहितेचा उल्लेख दोनदा.

डॉक्टर लोक सावधगिरीने बोलतात, ती त्यांची सवय असते. दगाला फोन केला. तो पहिल्यांदाच अडखळला. ती नाल ओढायची नाही म्हणे ना बडे बाबू? मी म्हटलं, अलगद काढायची. अलगद, असं त्याने पुन्हा म्हटलं. मग म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सम्राट पुन्हा लालसर. डाय आणायला शोभाला सांगितलं होतं, तिने मुद्दाम एकच पाकीट आणलं. वरच्या अंगाला पुरलं. पोट राहिलं. पोटाकडे कोण बघतं?

१९ एप्रिल, शनिवार

रितेश बाजार समितीत, प्रतिभाबाई शाळेत. वेळ मीच निवडली होती.

मधुकर बायकोला घेऊन आला. वाळला आहे. माझ्या पाया पडला. हो, पडला! मी हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि जरा दाबून ठेवला. सम्राटने मला पाहून पाय उचलला. मी मधुकरला म्हटलं, बघ, असा सलाम ऑफिसात कुणी कुणाला करत नाही.

नाल हातावर झेलायची असते, म्हणून तो सम्राटच्या पायाशी उकिडवा बसला. दगाने चिमटा लावला. मधुकरने एकदा वर पाहिलं. बराच वेळ वरच पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो भारावला होता.

नाल जरा अवघड निघाली. बरोबर थोडं नख आलं. थोडं जास्तच. सम्राटने असा आवाज काढला की मधुकरची बायको बाहेर पळाली. पाला लाल झाला. दगा म्हणाला, मी नाही म्हणत होतो. खोटारडा! एकदा तरी म्हणाला होता का?

सम्राट बसला. मी गूळ धरला. नाही घेतला.

मधुकरने रुमालात नाल गुंडाळली, हात जोडले, निघून गेला. तीस तारखेचं काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती, ठरलेलंच आहे.

२० एप्रिल, रविवार

ग्रुपवर प्रतिभाबाईंनी पायाचा फोटो टाकला. मी पाहिला नाही. म्हणजे पाहिला, मोठा करून नाही पाहिला.

सुपडूने आज मस्करी केली नाही. नुसतं लिहितो, काळू माझ्याकडे सहा वर्षं होता. विकला नसता तर बरं. मग विकलास कशाला?

२५ एप्रिल, शुक्रवार

शोभाने सफारी इस्त्री केली. माझ्याबरोबर येणार का विचारलं. बघू, म्हणाली. डाय नवीन आणली, या वेळी माझ्यासाठी. कानाजवळ नीट लावली.

सम्राट उभा राहतो. पण तीन पायांवर. डॉक्टर म्हणतो, चारही टेकले पाहिजेत, नाहीतर बाकीचे तिन्ही जातील.

२८ एप्रिल, सोमवार

दुपारी समाधान चपराशी आला. हातात खोका. शाल आधीच पाठवली असं वाटलं. बसवला त्याला, शोभाला चहा टाकायला सांगितला, खोका उघडला.

रुमालात गुंडाळलेली नाल.

समाधानने खाली बघत सांगितलं. सकाळी यादी निघाली. मधुकर साहेबांची बदली झाली, लांब, मंडल्याला. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की घोडा काळा नव्हता, पोटाकडून तांबडा होता, रंगवलेला. ज्योतिषी म्हणाला, रंगवलेल्या घोड्याची नाल घरात आणली म्हणजे शनीला अक्षता दिल्या. म्हणून परत.

तीस तारखेचं विचारलं. समारंभ आहे, समाधान म्हणाला. हॉलमध्येच. साहेब शाल घालणार. मधुकर साहेबांना. बदलीचा निरोप.

चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, बडे बाबू, तेव्हा नारळ मी माझ्या पैशाने आणला होता.

हे त्याने आज का सांगावं?

३० एप्रिल, बुधवार

पोट बिघडलं होतं. कुठे गेलो नाही. सफारी कपाटात.

३ मे, शनिवार

तबेल्याच्या फाटकावर नाला टांगल्या आहेत. सगळ्या. माझ्या नियमावलीच्या खिळ्यालाही दोन. कापडवाल्याने तर घरी आणून पायरीवर फेकली आणि शिवी दिली. त्याच्या दुकानात चोरी झाली, त्याला मी जबाबदार. मी नाल फुकट दिली होती हे कुणाच्या लक्षात नाही.

सोजरबाई पण आली. तिची तर जानेवारीतली, तेव्हा घोडा खरा काळा होता, तिने आणायचं कारण नव्हतं. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, पोराचं जमलं. म्हणून आणली. घोडा उघड्या पायांनी उभा आहे, त्याची त्याला द्या.

बाईला समजावून सांगण्यात अर्थ नाही. ठेवून घेतली.

८ मे, गुरुवार

तबेल्यात मीटिंग झाली. मला बोलावलं नव्हतं, रितेशने निर्णय फोनवर सांगितला. तो कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. बाबूजी, तुम्ही काही दिवस येऊ नका, म्हणाला. काळू आता दिवसभर चारही पाय टेकतो. फक्त तुमच्या स्कूटरचा आवाज आला की उचलतो. डॉक्टरनेच सांगितलं आहे. चारा-पाण्याचं बघतो मी, प्रतिभाताई तेल लावतात.

माझा घोडा आणि मीच यायचं नाही! नियमावलीत असा नियम नाही. मी लिहिली आहे, मला माहीत आहे.

शोभाला सांगितलं. ती म्हणाली, मग नका जाऊ. मी म्हटलं, तुला काही वाटत नाही? ती म्हणाली, मला त्या घोड्याचं वाटतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली.

१० मे, शनिवार

गेलो. स्कूटर कालव्याजवळच लावली, पुढे पायी. गूळ घेतला होता.

शेडमध्ये कुणी नव्हतं. तो पाल्यावर उभा होता, चारही पाय टेकून. डाय निम्मी गेली आहे. काळा नाही, तांबडा नाही, जुन्या सतरंजीसारखा झाला आहे. माशा हाकलत होता. बरा दिसला. मला खरंच बरं वाटलं.

मग त्याने मला पाहिलं आणि पाय उचलला.

म्हटलं, नको रे, ठेव. दगा नाही आला. हात दाखवले, दोन्ही, रिकामे. गूळ खाली ठेवला. त्याने गुळाकडे पाहिलं नाही. पाय तसाच वर, आणि उरलेले तीन थरथरत होते. ठेव म्हटलं. काळू, ठेव. हाताने धरून खाली टेकवायला गेलो, तर आणखी वर घेतला आणि डोळे मिटले.

शेडच्या मागे गेलो. भिंतीला भोक आहे, केळी पिकवायच्या वेळची धुराची जागा. तिथून पाहिलं. थोड्या वेळाने त्याने पाय खाली ठेवला.

पायी कालव्यापर्यंत आलो. ऊन फार होतं.